नावे दोन, गाडी एक

(धसई, ता. मुरबाड येथे महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला बोलाविताना संयोजकांनी आजचा प्रश्न एका ओळीत लिहून पाठविला होता. धसईतील एक गट पांढरे फिनाईल, कपडे धुण्याची पावडर आणि भांडी घासण्याचे द्रावण तयार करतो. शेजारच्या वाडीतील दुसरा गट मंगल कार्यालये, शाळा, पाण्याच्या टाक्या आणि मुंबईकरांची फार्महाऊसे साफ करून देतो. या दोन धंद्यांची जाहिरात व विक्री एकत्र करावी की वेगवेगळी, एवढाच प्रश्न. महाविद्यालयात मी तीसेक वर्षे अर्थशास्त्र शिकविले. त्यात ‘संयुक्त खर्च’ नावाचे एक प्रकरण मी दरवर्षी दोन तासांत उरकीत असे. विद्यार्थ्यांना परीक्षेपुरते आणि मला पगारापुरते ते पुरे होई. त्या प्रकरणातील अडचण मला खरी समजली ती गेल्या महिन्यात, तुमच्या दोन्ही गटांच्या वह्या चाळताना. म्हणून आज मी शिकवायला आलो आहे असे कृपा करून समजू नका.

वह्यांतून प्रथम डोळ्यांत भरला तो टेम्पो. फिनाईलचा गट मंगळवारी बाटल्या घेऊन मुरबाडला जातो. सफाईचा गट शुक्रवारी झाडू, बादल्या आणि पाच बाया घेऊन त्याच रस्त्याने जातो. दोन्ही वेळा गाडी अर्धी रिकामी असते. समजा, एका फेरीला बाराशे रुपये पडतात. दिवस जुळविला तर चोवीसशेचे बाराशे होतील, हे सांगायला प्राध्यापक लागत नाही. भांडण त्यापुढे आहे. ते बाराशे कोणी किती द्यायचे? निम्मे-निम्मे म्हणाल, तर ज्या आठवड्यात चारच पेट्या गेल्या त्या आठवड्यात एक गट कुरकुरणार. वजनावर म्हणाल, तर फिनाईलवाल्या म्हणणार की आमच्या बाटलीत बहुतेक पाणीच आहे, त्या वजनाला नफा कुठला? विक्रीच्या प्रमाणात म्हणाल, तर जी जास्त खपवील तिलाच दंड. आणि इथे मला माझ्या शास्त्राची एक कबुली द्यायला हवी. संयुक्त खर्चाची एकमेव बिनचूक अशी वाटणी नसते. पुस्तके हे मान्य करतात, पण बारीक अक्षरांत. शास्त्र फक्त दोन कुंपणे घालून देते. एकटीने गाडी केली असती तर जे पडले असते त्याहून जास्त कोणावर पडता कामा नये; आणि कोणाच्या येण्याने जो वाढीव खर्च झाला, म्हणजे जादा थांबा किंवा आडवाट, तो निदान तिने उचलला पाहिजे. या दोन कुंपणांमधली जागा वाटाघाटीची आहे. ती वाटाघाट मोकळेपणाने होते की दबून होते, यावर तुमचे एकत्र येणे किती टिकेल ते ठरणार आहे. हा मुद्दा मी पुढे पुन्हा घेईन, कारण दबण्याची कारणे वहीत लिहिलेली नसतात.

दुसरी नोंद पाहून मला हसू आले आणि मग वाईट वाटले. सफाईचा गट फिनाईल विकत घेतो, ते बाजारपेठेतील दुकानातून, किरकोळ भावाने. त्या दुकानाला ते फिनाईल कोण पुरविते? तुमचाच पहिला गट, घाऊक भावाने. म्हणजे एकाच गावच्या दोन बाया एकमेकींशी व्यवहार करीत आहेत, पण दोघींच्या मध्ये गल्ला आहे. याचा अर्थ असा की तुम्ही एकत्र यावे की न यावे हा प्रश्नच शिल्लक नाही. तुम्ही एकत्र आलेल्या आहातच. तुम्हाला दुकानदाराने एकत्र आणले आहे आणि त्याचे भाडे तो वसूल करतो. त्याला मी दोष देत नाही. दुकान चालविणे हेही काम आहे, उधारी सांभाळणे हा तर त्रास आहे. पण ते भाडे तुम्ही किती देता हे वर्षाच्या शेवटी एकदा बेरीज करून पाहा.

तेव्हा गाडी, कच्च्या मालाची खरेदी आणि परस्परांना होणारी विक्री यांत वेगळे राहण्याला मला कोणतेही कारण दिसत नाही. परंतु जाहिरात म्हणजे गाडी नव्हे. जाहिरात म्हणजे नाव, आणि नावाचा हिशेब निराळा असतो.

आपल्या मुंबईतलेच उदाहरण घ्या. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ती पुढे लिज्जत झाली. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत, हलका माल स्वस्तात खपावा म्हणून. छगनबापा पारेख यांनी त्यांना सल्ला दिला की एकच प्रत करा आणि तिच्यात कधी तडजोड करू नका. तो सल्ला त्यांनी मानला. म्हणजे जिथे गिऱ्हाईक एक आणि वस्तू एक, तिथे नाव एकच आणि प्रत एकच. पण त्याच संस्थेने पुढे कपडे धुण्याची पावडर काढली तेव्हा तिचे नाव ‘ससा’ ठेवले. पापडाला साबणाचा वास यावा असे कोणाला वाटेल? मालकीण-भगिनींची संस्था तीच. पुडीवरचे नाव निराळे. त्याच संस्थेने १९७९ साली चर्मोद्योग आणि काड्यापेट्या, व पुढे अगरबत्त्या करून पाहिल्या आणि ते धंदे चालले नाहीत. पापडाच्या नावाला त्याचा धक्का लागला नाही, हेही विसरू नका.

भांडवलदारांनी हा धडा फार बारकाईने गिरविला आहे. अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी १९६९ साली घरच्या अंगणात निरमा पावडर सुरू केली आणि सायकलवरून विकली. पुढे तिने सर्फचा बाजार खाल्ला. तेव्हा हिंदुस्थान लिव्हरने सर्फ निरमाच्या पातळीवर उतरविली नाही. गरिबाच्या पिशवीसाठी ‘व्हील’ हे वेगळे नाव बाजारात आणले. दुकानाच्या फळीवर सर्फ आणि व्हील एकमेकांना ओळखही देत नाहीत. पण दोघांचा नफा जातो एकाच तिजोरीत. मोठ्या भांडवलाला ‘एकत्र की वेगळे’ हा पेच कधी पडला नाही. गिऱ्हाइकासमोर वेगळे, आणि गिऱ्हाइकाच्या पाठीमागे एक, असे त्याचे साधे गणित आहे. गरीब मात्र नेमके उलटे करतात. गिऱ्हाइकासमोर एकाच घोळक्यात उभे राहतात आणि पाठीमागे एकमेकांचा भाव पाडतात.

तुमचे गिऱ्हाईक तरी एक आहे का? फिनाईलची बाटली घेणारी बाई बाजारपेठेत दोन रुपयांचा फरक पाहते. ती घरची फरशी स्वतःच पुसते. तिला सफाईच्या गटाचे दरपत्रक दाखविणे म्हणजे कागद वाया घालविणे. फार्महाऊसचा मालक मुंबईत राहतो. त्याला हवे असते ते असे की शनिवारी दार उघडावे तेव्हा घर स्वच्छ असावे, टाकीत शेवाळ नसावे आणि घरातल्या वस्तू जागच्या जागी असाव्यात. पहिलीला वस्तू विकायची आहे, दुसऱ्याला भरवसा. बाटली नासकी निघाली तर एक बाटली बदलून देता येते. भरवसा गेला तर बदलून देता येत नाही. एका नावाखाली दोन्ही ठेवाल तर एका गटाची चूक दुसऱ्याच्या दारात जाईल. (जाता जाता एक सांगतो: जुन्या शीतपेयाच्या बाटल्यांत फिनाईल भरणे आजच बंद करा. मूल तहानेने तोंडाला लावते. आणि सफाईच्या बायांनी ब्लीचिंग पावडर आणि संडासात टाकायचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो.)

एकत्र विक्रीचा आणखी एक सापळा आहे, आणि त्यावर मी जरा थांबणार आहे. मुरबाडचा कोणी कार्यालयवाला म्हणेल, सफाई तुमच्याकडूनच घेतो, पण वर फिनाईलची पाच लिटरची कॅन फुकट द्या. व्यापारात याला काही वावगे मानीत नाहीत. पण फुकट म्हणजे कोणाचे फुकट? ती कॅन कोणीतरी चार तास ढवळून भरलेली असते. किंवा उलट होईल: फिनाईलचा मोठा गिऱ्हाईक म्हणेल, एवढा माल घेतो, तर एकदा गोदाम झाडून द्या. झाडणाऱ्या बाईच्या त्या दिवसाची मजुरी कोणी लिहायची? दोन श्रम एकाच किमतीत बांधले की त्यांतला एक श्रम दिसेनासा होतो, आणि माझा अनुभव असा की दिसेनासा होतो तो नेहमी खालच्या बाजूचा. यास्तव जिथे दोन्ही एकत्र विकाल तिथेही बिलात दोन ओळी लिहा. सूट द्यायची झाली तर कोणत्या ओळीतून दिली ते लिहा.

वस्तू व सेवा कराचा मुद्दा कोरडा आहे, लवकर संपवितो. राज्यातल्या राज्यात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाच्या चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा वीस लाखांची आहे. एकाच नावाखाली दोन्ही केलेत तर वीस लाखांचीच मर्यादा लागेल. आज तुम्ही त्याच्या आसपासही नाही. पण वही वेगळी ठेवायला हे एक जादा कारण आहे.

आता जे पत्रात लिहिलेले नव्हते त्याकडे वळतो. गेल्या महिन्यातल्या बैठकीत पहिल्या गटातील एक भगिनी म्हणाल्या, “सर, आमच्या बाटलीवर त्यांच्या कामाचं नाव आलं, तर बाटली हातात कोण घेईल?” त्यांनी ते वाईट हेतूने म्हटले नाही, व्यवहाराची भीती म्हणूनच म्हटले. खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग वाडीतल्या एक आजी म्हणाल्या, “बाटली रिकामी तर आमच्याच हातानं होते की.” आणि चहा आला. तो चहाही दोन ठिकाणी बसून प्यायला गेला, हे मी पाहिले. तुम्हीही पाहिले असेल.

मी आत्ताच तुम्हाला सांगितले की नावे वेगळी ठेवा. हाच सल्ला त्या भगिनीही देत होत्या. मग आमच्यात फरक काय? फरक कारणाचा आहे. गिऱ्हाईक निराळे म्हणून वेगळे नाव, हा धंद्याचा निर्णय झाला. उद्या गिऱ्हाईक एक झाले तर तो बदलता येतो. ते काम हलके आणि ती माणसे हलकी म्हणून वेगळे नाव, हा धंद्याचा निर्णयच नव्हे. जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. तुमच्या या दोन गटांत ती विभागणी किती तंतोतंत उतरली आहे पाहा: घाण घालविणारी वस्तू तयार करणे ही प्रतिष्ठेची गोष्ट, आणि ती वस्तू घेऊन प्रत्यक्ष घाण घालविणे ही हलकी गोष्ट. रसायन तेच, हात बदलले की मोल बदलते.

समाजवादी आणि सर्वोदयी मंडळींनी या बाबतीत काही केले नाही असे नाही. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात संडास-सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून उपोषण केले, आणि त्यांच्या सहानुभूतीने गांधीजींनीही येरवड्यात अन्न सोडले. सेनापती बापट रस्ते झाडीत. गाडगेबाबांचा खराटा तर महाराष्ट्राच्या घराघरांत चित्ररूपाने आहे. या थोर माणसांपुढे मान तुकवून मी एवढेच म्हणेन की त्यांनी झाडूला पावित्र्य मिळवून दिले. झाडूला दर मिळवून देण्याचे काम मागच्यांवर राहिले. आणि मागच्यांनी काय केले? २ ऑक्टोबर २०१४ नंतर झाडू हातात धरलेल्या पुढाऱ्यांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ साली झाला. तो अपुरा पडला म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. गटारात उतरून माणसे अजून मरत आहेत.

दर मिळविण्याचे काम ज्यांनी केले त्या पुण्याच्या कचरावेचक बाया आहेत. बहुसंख्य दलित. १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि २००८ साली पुणे महापालिकेशी करार करून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा उचलू लागली. त्यांनी दोन संस्था ठेवल्या, हे तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. पंचायत ही संघटना: भांडण्यासाठी. ‘स्वच्छ’ ही सेवा: काम करून शुल्क घेण्यासाठी. बाया बऱ्याचशा त्याच. सेवेच्या करारावर संकट आले की रस्त्यावर उतरायला संघटना शाबूत असते. वेगळेपण ठेवायचे तर ते असे, एकमेकींना आधार देणारे.

आणि तोडणारे वेगळेपण कसे असते तेही मुंबईने दाखविले. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा दीर्घकाळ वीस कामगारांपासून लागू होत असे. कचऱ्याची कामे वीसच्या आतल्या तुकड्यांनी वाटली की कायदा दारातच थांबे. तिथल्या कचरा वाहतूक श्रमिक संघाला वर्षानुवर्षे लढावे लागले, तेव्हा २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगारांच्या कायम नोकरीवर शिक्कामोर्तब झाले. तुकडे कोणी पाडले आणि कोणाच्या सोयीने, हे दर वेळी विचारले पाहिजे.

धसईला हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण या गावाने एकदा वरून आलेली मोठी योजना अनुभवली आहे. १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून धसईचे नाव देशभर झाले. अर्थमंत्री आले, बँकेने कार्ड घासायची यंत्रे दिली. यंत्रे दुकानांच्या गल्ल्यावर बसली. ज्यांच्याकडे गल्लाच नाही त्यांच्यापर्यंत ती कशी पोचणार होती? आता पैसे फोनवर येतात, हे बरे झाले. त्यासाठी दोन्ही गटांनी आपापला कोड आणि आपापले बँक खाते ठेवावे. एका गटाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात ‘तात्पुरते’ जमा करू नका. मी पाहिलेल्या बहुतेक भांडणांचा उगम त्या एका शब्दात आहे.

तेव्हा माझे म्हणणे असे. बाटलीवर एक नाव, सफाईच्या पत्रकावर दुसरे. वह्या दोन, खाती दोन. गाडी एक, कच्च्या मालाची खरेदी एक, आणि सफाईच्या गटाला फिनाईल थेट, दुकानाला देता त्याच भावाने. शाळा, मंगल कार्यालये, आरोग्य केंद्रे यांना वस्तूही लागते आणि कामही लागते. त्यांच्यासाठी मात्र दोन्ही नावांचे एकच दरपत्रक छापा, आणि त्यात सफाईचे नाव वर घ्या, खाली नको. ज्या भगिनींना ही भीती वाटली त्यांना मी एवढेच विचारतो की बाटलीचा सर्वांत चांगला साक्षीदार कोण? रोज दहा फरश्या पुसणारी बाई, की पुडी बांधणारा दुकानदार? कोणत्या फरशीवर डाग राहतो, कोणत्या मिश्रणाने हात सोलतात, हे तिला ठाऊक आहे. तिने सांगितले आणि तुम्ही मिश्रण सुधारले, तर त्या ज्ञानाचेही मोल झाले पाहिजे. कसे करायचे ते मला आज सुचत नाही, तुम्ही ठरवा.

दर महिन्याची हिशेबाची संयुक्त बैठक आळीपाळीने घ्यावी: एकदा गावात, एकदा वाडीत. टेम्पोच्या वाटणीवर वाद होणारच, आणि तो वाद वाडीच्या अंगणात बसून, वाडीतला चहा पिऊन झाला पाहिजे. दबून केलेली वाटणी सहा महिनेही टिकत नाही, असे मी मघाशी म्हणालो त्याचा अर्थ हाच होता.

पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. गुरांचा बाजार, घोंगड्या, लाखो पाय आणि त्यामागे उरणारा कचरा. फिनाईलच्या गटाला तिथे दुकान लावायचे आहे. सफाईच्या गटाने यात्रेनंतरच्या कामाचा दर ग्रामपंचायतीकडे द्यावा असे मी सुचवितो. दरपत्रक त्याआधी छापून व्हायला हवे. टेम्पोवाल्याशी माझे बोलणे झाले आहे. मंगळवार नको, शुक्रवार नको, तो गुरुवार म्हणतो. दोन्ही गटांना गुरुवार चालतो का, तेवढे आत्ता इथेच सांगा, म्हणजे मी जाताना त्याला कळवीन.